बोकारेकाकांची चामखीळ

डॉक्टर बोकारे माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, चामखिळीकडे बघतात. बदली होऊन आम्ही जयपूरला आदर्श नगरात राहायला आलो, त्याच संध्याकाळी हे शेजारी चहाचं बोलावणं घेऊन आले आणि माझं नाव विचारायच्या आत माझ्या कानामागच्या चामखिळीला बोट लावून म्हणाले, "ही कधीपासून आहे?"

मी गारच पडलो. "काही वाईट आहे का?"

"घाबरून काहून राहिले? बदललं म्हणून बिघडलं थोडंच!"

हे त्यांचं पालुपद. जन्म नागपूरचा, नोकरी इथल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. निवृत्त झाले, पण मायक्रोस्कोपला लावलेला डोळा काही निवृत्त झाला नाही. एकदा कानोत्याच्या धरणावर सहलीला गेलो, तर ऐन जेवणात त्यांनी जनुकं काढली. पेशी स्वतःची नक्कल उतरवते, त्यात एखादं अक्षर चुकतं. "गंमत पहा, हीच चूक कुठं कुठं कॅन्सरमध्ये सापडते. अन् इथं चामखिळीत ही बाई नुसती बसून राहते. ना घेणं, ना देणं. किती गुणाची!" माझी भाजी गार झाली आणि भूकही मेली.

कोपऱ्यावरचा भाजीवाला मान पुढे करून विचारायचा, "डॉक्टरसाब, बढ़ तो नहीं रहा?" काका वाकून निरखायचे. कपड्याला घासत असेल, रक्त येत असेल, तर ताबडतोब दवाखान्यात पिटाळायचे.

नियम सगळ्यांना, स्वतःला सोडून. काकांच्या मानेवर वाटाण्याएवढी चामखीळ होती आणि तिला घासू नये म्हणून त्यांनी सगळ्या शर्टांच्या कॉलरी कापून टाकल्या होत्या. "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" काकू करवादायच्या.

त्यांची मुलगी मीनू गुडगावच्या कॉल सेंटरमध्ये होती. तिचं लग्न उदयपूरच्या मुलाशी ठरलं तेव्हा काकूंनी निक्षून सांगितलं, मुलीच्या बापाने बंद गळ्याचा कोट घालायचाच, आणि त्यासाठी ती चामखीळ काढून यायचं. पाच मिनिटांचं काम. काका वेळ ठरवायचे आणि मोडायचे. काकू रडकुंडीला आल्या. शेवटी भरजरी व्याह्यांशेजारी काका मोठ्या गळ्याच्या झब्ब्यात उभे राहिले. एका पाहुण्याने त्यांना आचारी समजून जिलबी गरम आहे का, असं विचारलं. मला त्यांचा रागच आला.

पाठवणीच्या वेळी मीनू त्यांच्या गळ्यात पडली. "बाबा, मतलब... मी जाते हां," एवढंच म्हणाली आणि हुंदके देऊ लागली. रडता रडता तिचा हात वर सरकला, मानेवरची चामखीळ बोटांना लागली, आणि ती चिमटीत धरून पोर हळूहळू शांत झाली. काका मान कलती करून उभे होते, हललेसुद्धा नाहीत.

"लहानपणी ती धरल्याशिवाय झोपायचीच नाही," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "मी पार विसरूनच गेले होते."



पुढच्या आठवड्यात चहा पिताना मी म्हटलं, "काका, आता काढून टाका की. मीनू तर गेली सासरी."

काकांनी मानेवर हात ठेवला.

"राहू द्या हो जोशी. दिवाळीला येऊन राहिली ती. प्रवासानं थकून येईल."