जित्या माणसाचा पुतळा

गाडी वणीतून निघण्याआधीच भांडण सुरू झालं, तेही एका फडक्यावरून. भीमराजने जुन्या बनियनचं धुतलेलं फडकं, पाण्याची मोठी बाटली आणि दात घासायचा जुना ब्रश असा ऐवज पिशवीत भरला होता. त्याच्या बायकोने, पंचफुलाने, पिशवी उघडून पाहिली.

"हे कायले?"

"पुतळा पुसाले. उघड्या माळावर उन्हा-पान्यात उभा हाय बिचारा. पाखरं थोडी सोडतेत! नाकाकानात घान गेली असन, म्हून ब्रश."

"नसलेल्या पुतळ्याच्या नाकाले ब्रश! साक्षगंधाले चाललो का नाल्या साफ कराले?"

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता दिग्रसला. सून पायलच्या भावाचा, दुपारी एक वाजता. आणि पुतळा होता खुद्द भीमराजचा, निदान तो तरी गेली बावीस वर्षं तसं सांगत आला होता.

तेव्हा भीमराज कोळशाच्या खाणीत डंपर चालवायचा. नागपूरला शिल्पकला शिकणारी वर्षा नावाची एक मुलगी वणीला आली. पाळी सुटल्यावर ती त्याला एका खोक्यावर बसवायची आणि कागदावर रेघा मारायची. असे आठ दिवस गेले. जाताना ती म्हणाली, "काका, मी तुमचं शिल्प करणार." घरी पोचेपर्यंत भीमराजने शिल्पाचा पुतळा करून टाकला होता. त्या दिवसापासून लग्न असो, तेरवी असो की बँकेतली रांग असो, तिसऱ्या वाक्याला पुतळा ठरलेला.

पंचफुलाने मात्र त्यावर एकदाही विश्वास ठेवला नाही. पुतळा मेलेल्या माणसाचा असतो आणि तोही थोर माणसाचा, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. नवरा या दोन्हींत बसत नव्हता. शिवाय परक्या पोरीसमोर आठ दिवस मिशांना तेल लावून बसायला जाणं, हा गुन्हा तिच्या वहीत अजून खोडला गेला नव्हता. घरातलं कुठलंही भांडण, मग ते भाजीतल्या मिठाचं का असेना, एकाच वाक्यावर संपायचं. "तुमचं काय आयकाव? तुमचा तं पुतळा बी हाय!"

पण महिन्याभरापूर्वी पायलला मोबाईलवर एक बातमी दिसली. यवतमाळहून आर्णीकडे जाताना एका टेकडीवर उघड्या माळावर शिल्पवन सुरू झालं होतं. शिल्पांच्या यादीत लिहिलं होतं, 'खाणकामगार. शिल्पकार वर्षा.' भीमराजने त्याच मिनिटाला दिग्रसच्या व्याह्यांना फोन लावला. व्याही उत्साही माणूस. त्यांनी दोनशे पाहुण्यांना सांगून टाकलं आणि वर फर्मावलं, "येतानी फोटो पाठवा. मंडपात मोठा टीव्ही लावून राह्यलो."

आता माघार नव्हती. गाडी सुरू झाली तसा भीमराज गंभीर आवाजात म्हणाला, "आज पुतळा नाई भेटला, तं पुन्हा जिंदगीत पुतळ्याचं नाव काढनार नाई."

"अतुल, आयकलं ना रे तू?" पंचफुला मुलाला म्हणाली. "साक्षीदार हाय तू."

साडेअकराला ते शिल्पवनाच्या फाटकाशी पोचले. तिथला राखणदार धावजी हा टेकडीखालच्या तांड्यावरचा. अंगात खाकी सदरा, गळ्यात शिट्टी. नोकरी नवी होती आणि त्याने ती फार मनावर घेतली होती.

"दादा, पुतळे कोन्या बाजूले?" भीमराजने विचारलं.

"पुतळे चौकात असतेत. इथं शिल्पं हायेत. हात लावाचा नाई, बसाचं नाई, टेकाचं बी नाई."

टेकडी चढताना पंचफुलाचे गुडघे बोलायला लागले. वाटेत एक लांबट सपाट दगड दिसला. ती त्यावर टेकली मात्र, खालून शिट्टी वाजली.

"बाई, उठा! ते 'प्रतीक्षा' हाय!"

"मी बी तेच करून राह्यली ना!" पंचफुला ओरडली, पण उठली. पुढे खरंखुरं बाकडं लागलं, तरी ती बसेना. धावजीने येऊन शपथेवर सांगितलं की हे बाकडंच आहे. तरी नाहीच. "आता माह्या गुडघ्याले भरोसा नाई राह्यला," ती म्हणाली.

अतुल चिप्सचं रिकामं पाकीट एका गंजक्या ड्रममध्ये टाकायला गेला. शिट्टी. "ते 'भूक' हाय!" अतुलने पाकीट निमूटपणे खिशात घातलं. पायल शिकलेली मुलगी. तिने ठरवलं, आपण तरी चुकायचं नाही. ती विटांच्या आणि सळयांच्या एका ढिगासमोर हात मागे बांधून बराच वेळ उभी राहिली. तिने तीन बाजूंनी फोटो काढले.

"किती खोल अर्थ हाय नाई यात?"

"खोलच हाय," धावजी म्हणाला. "संडासाचं काम चालू हाय थे."

भीमराजचं या कशाकडेही लक्ष नव्हतं. दोन पाय आणि दोन हात असलेलं काहीही दिसलं की तो तिकडे धावत होता. अखेर एका निंबाखाली त्याला मनुष्याकृती सापडली. उंचीपुरी, पांढऱ्या दगडाची, फक्त खांद्याच्या वर काहीच नव्हतं.

"सापडला! हे मीच!"

"मुंडकं कुठं हाय?" पंचफुलाने विचारलं.

"राह्यलं असन कराचं. पोरीले परीक्षा होती."

पायलने वाकून पाटी वाचली आणि हळूच म्हणाली, "बाबा, खाली 'न्हाणारी' लिवेल हाय."

पंचफुलाने शिल्प वरून खालपर्यंत पाहिलं. मग नवऱ्याला वरून खालपर्यंत पाहिलं. "चाला इथून," ती म्हणाली. "लोकं पाहून राह्यले."

तेवढ्यात फोन वाजला. व्याही होते. "जय भीम, भाऊ! टीव्ही लागला. वायर बी जोडली. लोकं पुतळा पाह्याले बसले हायेत, पाठवा लवकर!"

बारा वाजून गेले होते. भीमराजने घाम पुसला, मान खाली घातली आणि धावजीसमोर जाऊन उभा राहिला. "दादा, खानकामगार कुठं हाय?"

"तसं पह्यलेच इचाराचं ना," धावजी म्हणाला आणि त्यांना थेट टेकडीच्या माथ्यावर घेऊन गेला.

तिथे मोहाच्या झाडापलीकडे, चौथऱ्यावर, एक काळा दगड होता. माणसाएवढा उंच, पण एका बाजूला कललेला. वरच्या अंगाला आरपार भोक आणि त्यातून निळं आभाळ दिसत होतं. दगडाला एक वाकडी लोखंडी कांब टेकवली होती. पाटीवर स्पष्ट अक्षरं होती. 'खाणकामगार. भीमराज, वणी. काळा दगड आणि लोखंड.'

अतुलने पाटी दोनदा वाचली.

"हे मी?" भीमराजने विचारलं.

"नाव तं तुमचंच हाय, बाबा."

"नाव हाय. मिशा कुठं हायेत?"

भीमराज खाली मातीतच बसला. त्याला खरोखर वाईट वाटलं. खोटा ठरण्याची भीती त्याला सकाळपासून होती, पण खरा ठरून अशी फजिती होईल हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. "आठ दिवस रोज दाढी करून गेलतो मी," तो पुटपुटला. पंचफुला आता काहीतरी बोलेल म्हणून त्याने खांदे आवळून घेतले. पण ती दगडाकडे पाहत होती.

फोन पुन्हा वाजला. त्या आवाजाने भीमराज ताडकन उठला. दोनशे माणसं टीव्हीसमोर बसली होती. त्याने चपला काढल्या.

"अतुल, मोबाईल धर. मी वर चढतो. दगडाच्या पुढं उभा राहतो, हालत नाई. फोटो काया-पांढरा कर. कोनाच्या बापाले समजत नाई."

एक पाय चौथऱ्यावर पडताच शिट्टी वाजली.

"खाली उतरा!"

"माहा पुतळा हाय! मी चढीन नाई तं झोपीन!"

"शिल्प हाय! आन् कोनाचं बी असो, उतरा!"

भीमराजने खिशातून आधार कार्ड काढून धावजीच्या हातात कोंबलं. "वाच! नाव वाच! गाव वाच!"

धावजीने कार्ड वाचलं, मग पाटी वाचली. कार्डावरचा फोटो दगडाशेजारी धरून डोळे बारीक करून ताडून पाहिला. "नाव बरोबर हाय," तो म्हणाला. "फोटो नाई जुळत. उतरा."

"अतुल! पायल! इकडे या!" दगडाच्या मागून पंचफुलाची हाक आली. ती कधी मागे गेली ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. "इथून पाहा."

दोघं मागे जाऊन उभी राहिली. मागून दगड वेगळाच होता. डावा खांदा खाली पडलेला, पाठीला हलकासा बाक, मान जरा पुढे.

"हे तुमचे बाबा हायेत," पंचफुला म्हणाली. "पह्यली पाळी असली का सकायी खाटीच्या काठावर असेच बसत. बूट हातात धरून. घालत नोयते, नुसते बसून राहत. मंग उठत आन् जात. त्याईले वाटे मी झोपेल हाय." तिने त्या पडलेल्या खांद्याकडे बोट केलं. "त्या पोरीनं बरोबर पाह्यलं."

"आन् ते भोक, आई?" अतुलने विचारलं.

"थो कान हाय. इकडून आयकते, तिकडून सोडते."

भीमराज चौथऱ्यावरून उतरून मागे आला आणि मान वाकडी करकरून पाहू लागला. "मले तं काईच नाई दिसून राह्यलं."

"तुमाले कसं दिसन? तुमी तुमची पाठ कधी पाह्यली?" पंचफुलाने हात पुढे केला. "फडकं द्या."

"काय?"

"फडकं! पानी बी द्या."

भीमराजने मुकाट्याने पिशवी पुढे केली. पंचफुलाने पाणी ओतलं आणि दगडाच्या डाव्या खांद्यावरची पाखरांची वाळलेली घाण घासून काढायला लागली. पायलने फोटो काढला आणि दिग्रसला पाठवून दिला. धावजीची शिट्टी कडाडली.

"बाई! हात लावू नोका!"

पंचफुलाने मागे वळूनही पाहिलं नाही. "घरचा मानूस हाय," ती म्हणाली.

धावजीने हातातल्या आधार कार्डाकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, मग त्या पुसणाऱ्या हाताकडे पाहिलं. त्याने शिट्टी खिशात टाकली. थोड्या वेळाने खाकरून तो म्हणाला, "त्या भोकात बी पाहा. चिमनीनं काड्या कोंबल्या हायेत."

"कान हाय थो," पंचफुला म्हणाली. "अवो, ब्रश द्या."

फोन वाजला. भीमराजने आवाज मोठा केला. पलीकडे मंडपातला गलका होता. "भाऊ, फोटोत वयनी गोटा धुऊन राह्यल्या! लोकं इचारतेत, पुतळा कुठं हाय?"

भीमराजने एकवार बायकोकडे पाहिलं. त्याला सकाळचा शब्द आठवला. "जाऊ द्या, व्याही," तो हळूच म्हणाला. "पुतळा-बितळा काई..."

पंचफुलाने ओल्या हाताने फोन हिसकावून घेतला. "डोये पुसून पाहा! टीव्ही बी पुसा! माह्या नवऱ्याचा पुतळा हाय थो! आमी येऊन राह्यलो, आल्यावर समजावून सांगतो एकेकाले. कोनी उठू नोका!"

"शिल्प," धावजी मागून म्हणाला. पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.