गुलाबी धूळ आणि दोन रिंग

निगुडकरकाका धुळीची आंधी यायच्या आधी तिची वेळ जाहीर करतात. "जैसलमेरहून सुटली, जयपूर पास, धौलपूरला पोचतेय! साडेचारला आपल्याकडे, राइट टाइम!" अशी आरोळी त्यांच्या छतावरून आली की आमच्या दाना ओलीच्या गल्लीत वाळवणं उचलायची एकच धांदल उडते.

काका रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले, पण माल कुठून सुटला आणि कुठे उतरणार ही चौकशी काही सुटली नाही. आता ते उपग्रहाची चित्रं बघतात. दर अर्ध्या तासाला कॉम्प्युटरवर नवं चित्र येतं. त्यात धूळ गुलाबी दिसते आणि काका तिच्याकडे दाखवायला आणलेल्या मुलीकडे बघावं तसे डोळे बारीक करून बघत बसतात. दिवाळीच्या सुमाराला पंजाबातल्या शेतांचा धूर, उन्हाळ्यात जंगलांचा. "ये देखो, शिवपुरीकडे जंगल पेटलंय, सगळा धूर झाशीला डायव्हर्ट!" काकू वैतागतात, "समोरचं दूध उतू गेलेलं ह्यांना दिसत नाही, राजस्थानातली धूळ मात्र दिसते!"

गेल्या मे महिन्यात मी कुरडया घालायच्या आधी रीतसर विचारलं, "काका, आज घालू?"

"बेफिकीर घाल! लाइन क्लिअर!"

चारला आभाळ पिवळं झालं आणि आंधी थेट माझ्या कुरडयांवर उतरली. मी तावातावाने काकांकडे गेले. ते फोन कानाला लावून पांढरेफटक उभे होते.

"वर ढग आले गं. ढगाखालची धूळ चित्रात दिसतच नाही."

"काका, माझ्या कुरडया..."

"कुरडया राहू दे! दादाला रिंग द्यायची राहिली!"

मला काही कळेना. मग काकूंनी सांगितलं. दादा म्हणजे काकांचे थोरले भाऊ, गावाच्या दुसऱ्या टोकाला बिर्लानगरात एकटे राहतात. वडिलांचा तानपुरा कोणाकडे राहावा यावरून बिनसलं, तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पण दादांना दमा आहे. म्हणून प्रत्येक आंधीआधी काका फोन लावतात आणि दोन रिंग झाल्या की ठेवून देतात. दोन रिंग म्हणजे खिडक्या लावून घे. ही सगळी उपग्रहाची खटपट त्यासाठी होती, आणि आम्ही इतकी वर्षं ती आमच्या पापडांसाठी समजत होतो!

आता रिंगमागून रिंग जात होती आणि दादा फोन उचलत नव्हते. काकांनी स्कूटर काढली. "एकट्याला जाऊ देऊ नकोस," असं काकूंनी म्हणताच मी तोंडाला ओढणी गुंडाळून मागे बसले.

दादांच्या खिडक्या घट्ट बंद होत्या. दार मात्र सताड उघडं, आणि दादा दारातच धापा टाकत बसलेले. एका हातात दम्याचा पंप, एका पायात बूट.

"अशा आंधीत कुठे निघालास?" काका ओरडले.

"तुझ्याकडे. आंधी आली आणि तुझी रिंग नाही."

"मग नंतर इतका फोन वाजवला, तो का नाही उचललास?"

"दोन रिंगांत थांबला असता तर कळलं असतं, तू आहेस. वाजतच राहिला. वाटलं, तुझं काही बरंवाईट सांगायला कोणी करतंय. उचलायचा धीरच होईना."

काका खाली बसून दादांच्या बुटाची नाडी सोडू लागले. गाठ बरीच घट्ट बसली असावी.

"पुढच्या वेळी उचल," मान वर न करता ते म्हणाले. "मी बोलेन."