हिल्लेवीचे दोन गुण

फिनलंडच्या उत्तरेकडील एका विद्यापीठात असे आढळून आले की, भावी संशोधकांना संशोधन येते, पण त्यांच्यात उद्योजकवृत्ती नाही. तेव्हा रीतसर समिती नेमण्यात आली.

हिल्लेवी सहा वर्षे एकाच खडकावरचे दगडफूल मोजत होती. सहा वर्षांत ते चार मिलिमीटर वाढले होते. सातवे मोजमाप जूनमध्ये. ते चुकले की सगळ्यावर पाणी. आणि विभागातली संशोधकाची एकुलती एक जागा मिळाल्याशिवाय खडकापर्यंत जाण्याची परवानगी नव्हती.

त्या जागेसाठी समितीने प्रश्नावली काढली. ‘मी धाडसी आहे’, ‘मी पुढाकार घेते’. गुण पाचपैकी, आपले आपणच द्यायचे. आता स्वतःची स्तुती म्हणजे त्या मुलखात चारचौघांत ढेकर दिल्यासारखे. हिल्लेवीने सगळीकडे दोन लिहिले. अकराच्या अकरा उमेदवारांनी दोनच लिहिले. समितीने सर्वांना नापास करून फेरपरीक्षा जाहीर केली.

“अगं बाई, पाच टाक की!” कॉफी पिताना प्राध्यापक ओर्वोक्की कळवळून म्हणाल्या.

“पाच? आईला कळलं तर काय म्हणेल?”

“आईला कशाला सांगतेस? टाक मुकाट्यानं!”

हिल्लेवीने डोळे मिटून पाच टाकले, मुदतीच्या दोन दिवस आधी कागद दिला आणि पुन्हा नापास झाली. शेरा होता: ‘उमेदवार सांगितलेले ऐकतात. मुदत पाळतात. खरा उद्योजक असले काही करत नाही.’

या निकषावर ज्याने अर्जच केला नाही तो सर्वश्रेष्ठ ठरत होता. असा एक इसम समितीच्याच खोलीत कॉफीचे यंत्र दुरुस्त करत बसला होता. नाव तौनो.

“अहो, मला संशोधनातलं ओ की ठो कळत नाही,” तौनो म्हणाला.

“अपयशाची निर्भय कबुली!” अध्यक्ष ओरडले. “लिहा, पाच!”

“काहीतरीच काय! मी निघतो.”

“चौकट मोडण्याची वृत्ती. पाच!”

तौनोची नेमणूक झाली.

जूनमध्ये हिल्लेवी कोणाला न विचारता सायकलवरून गेली आणि डासांच्या घोळक्यात गुडघे टेकून दगडफूल मोजून आली. पाऊण मिलिमीटर वाढले होते! बिचारी आनंदाने रडलीच. स्वतःच्या हिमतीवर, पगाराविना, जोखीम पत्करून केलेल्या या कामाची समितीने तातडीने दखल घेतली आणि तिला ‘कारणे दाखवा’ नोटीस धाडली: नेमणूक नसताना विद्यापीठाच्या खडकाला हात का लावला?

हिल्लेवीने खुलासा मुदतीत दिला. तिथेच तिचे कायमचे चुकले.

आणि तुम्ही? ही गोष्ट पहिल्या ओळीपासून, क्रमाने, मध्ये कुठेही न पळता, शहाण्या मुलासारखी वाचलीत. समितीने नोंद घेतली आहे. दोन गुण.