आवश्यक : एक अंथरुणाला खिळलेला सदस्य

चौकातल्या डॉक्टरांनी चोवीस वर्षं आजोबांना खोकल्याचं, नातवाला जंतांचं आणि मधल्या पिढीला पित्ताचं औषध दिलं. आपण कुटुंबांवर उपचार करतो आहोत याची रीतसर जाणीव नसताना दिलं. ही बेपर्वाई कधी ना कधी कुणाच्या तरी लक्षात यायचीच होती. ती आरोग्य मंडळाच्या लक्षात आली.

मंडळाचं पत्रक दीड पानाचं होतं. यापुढे एका घरातल्या एकाहून अधिक माणसांवर उपचार करायचे असतील, तर डॉक्टरांकडे कुटुंबवैद्यकातली पदव्युत्तर पदविका हवी. ती मिळेपर्यंत घरटी एकच पेशंट. पत्रक लागू झालं त्या सोमवारी दवाखान्याच्या पायरीवर नवराबायकोत जुंपली. "मला ताप आहे, तू नुसता शिंकतोयस!" "पण नंबर मी लावला ना!" एका आईनं दोन्ही मुलांची पोटं आळीपाळीनं दाबून पाहिली, जो मोठ्यानं ओरडला त्याला आत नेलं आणि दुसऱ्याला पुढच्या वेळी बघू म्हणाली.

डॉक्टरांनी मुकाट्यानं प्रवेश घेतला. अभ्यासक्रम खास दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी आखलेला असल्यामुळे वर्ग बरोबर दवाखान्याच्या वेळेत भरत. पहिल्या तासाचा विषय होता, 'कुटुंब म्हणजे काय?' समन्वयक मॅडमनी पडद्यावर चौकोन आणि बाण दाखवले. वर्गातल्या चाळीस डॉक्टरांपैकी बहुतेकांना मुलंबाळं होती, दोघींना तर नातवंडं. पण आई आणि वडील यांच्यामधला बाण दुहेरी असतो हे सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मॅडमनी शेवटचा पेशंट तपासल्याला सतरा वर्षं झाली होती. त्यामुळे त्यांच्या मतांवर डाग असा एकही नव्हता.

खरा घोळ नोंदवहीनं घातला. प्रत्येकानं एक अभ्यासकुटुंब निवडून दोन वर्षं त्याची नोंद ठेवायची होती. कुटुंबात एक तान्हं मूल, एक वयात येणारी मुलगी, एक गर्भवती, साखर आटोक्यात नसलेला एक मधुमेही आणि अंथरुणाला खिळलेला एक ज्येष्ठ सदस्य असावा, आणि सगळे एका छताखाली. असं घर सापडलं की त्या घराला एकाच पेशंटच्या नियमातून सूट. चाळीस डॉक्टर दारोदार हिंडायला लागले. "नमस्कार, आपल्याकडे कुणी खिळलंय का?" असं विचारल्यावर लोक दार लावून घेत.

चौकातल्या आपल्या डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर शिंप्याचं दुकान होतं, आणि दुकानावर त्याचं बिऱ्हाड. थोरल्या सुनेला तान्हं, धाकटी सून पोटुशी, मुलगी पंधरा वर्षांची, आणि खुद्द शिंप्याची साखर कुणालाच आवरत नव्हती. उणीव होती ती आजींची. शिंप्याची आई शहात्तर वर्षांची, रोज सकाळी सत्तावीस पायऱ्या उतरून दुकानात यायची, संध्याकाळपर्यंत हातानं काजं करायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे वाभाडे काढायची.

"डॉक्टरसाहेब, एवढ्यासाठी अडतंय होय?" शिंपी म्हणाला. "आई झोपेल की. नुसतं तर पडायचंय. आमच्या पण सगळ्यांना औषध मिळेल."

"खोटं लिहायचं म्हणजे..." डॉक्टर चाचरले.

"खोटं कशाला? ती झोपलीये असं लिहा. झोपलेलीच असेल."

आजींनी सुईतला दोरा दातानं तोडला. "किती दिवस?"

"दोन वर्षं," डॉक्टर म्हणाले.

"लग्न झाल्यापासून या घरात मला 'जरा पड' म्हणणारा तू पहिलाच. आण बाबा चादर."

मॅडमच्या तपासणीची वेळ ठरलेली नसे, म्हणून आजींना सतत झोपून राहावं लागे. पहिल्या भेटीत मॅडमनी आजींना पाहिलं, चादर पाहिली, उशी पाहिली, आणि 'खिळलेपणा : समाधानकारक' असा शेरा मारला. धाकटी सून बाळंत झाली तेव्हा मात्र त्या चिडल्या.

"नोंदवहीत चोवीस महिने गर्भवती सदस्य लागते, डॉक्टर."

"नऊ महिने झाले, मॅडम. मूल झालं."

"तुम्ही सदस्याला विश्वासात घेतलं नव्हतं का?"

शेवटी थोरल्या सुनेनं विषय आपल्या अंगावर घेतला आणि ते प्रकरण मिटलं. शिंप्याची साखर एकदा चुकून उतरली होती. डॉक्टरांनी त्याला चहात साखर घ्यायला सांगितलं, आणि हे सांगताना खिडकीबाहेर पाहिलं.

नोंदवहीच्या आठव्या महिन्यात मॅडम परगावी गेल्याची पक्की खबर आली. "आज दुकानात जाऊन बसते," म्हणत आजींनी पाय खाली सोडले. पाय जमिनीला टेकले, आणि बाकीच्या आजी काही त्यांच्यावर उभ्या राहिनात. शिंप्यानं धावत येऊन धरलं.

डॉक्टर आले. त्यांनी आजींच्या पोटऱ्या चाचपल्या. हे त्यांना कुठल्याही पदविकेशिवाय कळत होतं.

"काय रे, गंजले का?" आजींनी विचारलं.

"रोज थोडं उभं करायला हवं. आजपासूनच. दीड महिन्यात जिना उतराल."

"मग करा ना! खाली दुकानात पोरींनी यंत्रावर काजं घातलीत. कपडे वर आणून दाखवतात, बघवत नाहीत मला."

पण चालता सदस्य खिळलेल्या रकान्यात कसा बसणार? डॉक्टर दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत जाऊन उभे राहिले. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे तुम्ही रुग्णाचा प्रवर्ग बदलायचा म्हणताय."

"मी तिला चालवायचं म्हणतोय."

"तेच. प्रवर्ग बदलला की कुटुंब बाद, वर्ष बाद, त्यांची सूट बाद. आणि व्यायाम कुठून आणलात मध्येच? तुमचा सध्या घटक चार चालू आहे, दीर्घकालीन अंथरूण. पुनर्वसन घटक नऊमध्ये आहे. पुढच्या वर्षी, दुसऱ्या सत्रात."

"तोवर स्नायू राहणार नाहीत, मॅडम."

"मग घटक नऊला तुम्हाला छान आव्हानात्मक केस मिळेल," मॅडम मनापासून म्हणाल्या.

डॉक्टर घरी आले. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. पदविका गेली तर चौकातल्या चारशे घरांना कायम एकेकच पेशंट. पोटं दाबून पाहणारी ती आई त्यांना आठवली. एका बाजूला चारशे घरं, दुसऱ्या बाजूला दोन पाय. असा विचार केला की माणूस कधीच चुकत नाही, फक्त जिंकतो. संध्याकाळी त्यांनी आजींना सांगितलं, "थोडं थांबू या."

"तू म्हणशील तसं," आजी म्हणाल्या. चोवीस वर्षांचा विश्वास होता, तो त्यांनी अंथरुणात सोबत घेतला.

घटक नऊ आला तेव्हा त्याचे तास आजारपणामुळे रद्द झाले. शिकवणाऱ्यांची कंबर धरली होती.

तोंडी परीक्षेला बाहेरून मोठे परीक्षक आले होते. त्यांनी नोंदवही उलटीसुलटी केली आणि विचारलं, "ज्येष्ठ सदस्य खिळण्याचं कारण लिहिलेलं नाही. कारण काय?"

दोन वर्षं डॉक्टरांनी नोंदवहीत न लिहिलेलं एकदाचं बाहेर पडलं. "मी."

"म्हणजे?"

"चालती बाई होती, सर. पदविकेसाठी मी झोपवली. उठवता येत होती तेव्हा उठवली नाही."

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "तीस वर्षांत इतकं प्रांजळ आत्मपरीक्षण ऐकलं नाही," ते गहिवरून म्हणाले, आणि आत्मपरीक्षणाच्या रकान्यात दहापैकी दहा लिहिले. डॉक्टर पहिले आले.

निकालाच्या दिवशी ते थेट शिंप्याच्या घरी गेले. आजींना दोन्ही बगलांत धरून उभं केलं. आजी दीड पाऊल चालल्या आणि खुर्चीत बसल्या.

"जिना?" त्यांनी विचारलं.

"हळूहळू. मी रोज येईन."

"बघ हं. मला काय, मी आहेच इथे."

डॉक्टर चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मंडळानं त्यांची मान्यताप्राप्त मार्गदर्शक म्हणून नेमणूक केली, आणि नव्या तुकडीला घरं शोधून देण्याचं काम त्यांच्याकडे आलं. शिंप्याच्या घरासाठी तर अकरा अर्ज आले. तयार, खात्रीचा खिळलेला सदस्य रोज कुठे मिळतो? आता व्यायामाचा प्रश्नच मिटला.

तुम्ही मंगळवारी त्यांच्याकडे खोकला घेऊन गेला होतात. त्यांच्या डोक्यामागचं प्रमाणपत्र वाचलंत, 'पदव्युत्तर' या शब्दाशी तुमचा खोकला अर्धा कमी झाला. डॉक्टरांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? किती मजले आहेत? जिना आहे का? तुम्ही भारावून गेलात. एवढ्या आपुलकीनं हल्ली कोण विचारतं! तुम्ही भडाभडा सगळं सांगितलंत. मुलगी नववीत, बायकोला साखर, आणि वडील ऐंशीचे, पण देवाच्या कृपेनं अगदी चालतेफिरते.

"चालतेफिरते," डॉक्टर हळहळले, आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

तुम्हीच पुढे झुकून विचारलंत, "का हो डॉक्टर, काही अडचण आहे का? आमच्याकडून काही होण्यासारखं असेल तर सांगा."