फाटकापासून पडवीपर्यंतचं डांबर

पावसात टाकलेलं डांबर घरी थांबत नाही. ते पुरतं सुकेपर्यंत घरातल्या कुणाला तरी त्यावर बसून राहावं लागतं. रस्त्याचे ठेकेदार हसन मुकादम यांनी विद्याधर पेठ्यांना हे खडी उतरवायच्या आधीच सांगितलं होतं.

"काका, दिवाळीपर्यंत थांबा. जमीन सुकली की कुणाला बसवायला नको."

पण थांबणं पेठ्यांना कधी जमलंय? त्यांच्या बायकोचं, प्रभाकाकूंचं, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, संध्याकाळी त्या चाकाच्या खुर्चीतून घरी यायच्या होत्या, आणि फाटकापासून पडवीपर्यंत नुसता चिखल. त्यात खुर्ची रुतली तर? या धास्तीने पेठ्यांना घास गोड लागत नव्हता.

"टाका तुम्ही. मी बसतो," ते म्हणाले.

रोलर गेला आणि पेठे छत्री उघडून डांबरावर पाट टाकून बसले. बसले कसले, टेकले. जरा वेळाने पलंग खिडकीशी सरकवायचा आठवला म्हणून उठले. मग शेजारी जादा दूध सांगायला. मग पडवीतला दिवा लागतो का बघायला. दरवेळी डांबर फाटकाकडे थोडं सरकलेलं असे. ते दामटून मागे घेत आणि पुन्हा टेकत. शेवटी दवाखान्यात फोन करायला आत गेले. बाहेर येऊन बघतात तर चिखलात पाट तेवढा उरलेला.

मुकादम आले, चिखलाकडे बघत राहिले. "काका, मी बसा म्हटलं होतं. तुम्ही बसलात कधी?"

पेठे छत्री विसरून धावत सुटले. एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणाला, "छपराखाली आलं होतं. फलाट अडत होता म्हणून हलवलं. दवाखान्याच्या बाजूला गेलं."

दवाखान्यात नर्सबाईंनी शांतपणे सांगितलं, "पेशंट गेल्या. रस्ता दाराशी येऊन थांबला. तो घरचाच आहे असं त्या म्हणाल्या, म्हणून खुर्ची चढवून दिली."

"घराकडे गेल्या ना?"

"बाहेर पडून डावीकडे वळल्या."

घर उजवीकडे होतं. पेठ्यांनी काकूंना फोन लावला.

"अहो, मी देवरुखला चाललेय, दादाकडे," काकू म्हणाल्या. "एकदासुद्धा हादरा बसला नाही."

"अगं, पण रस्ता घरासाठी केला मी. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठीच आलाय ना? दादाकडे गेलो की चहा निवायच्या आत तुम्ही निघायचं म्हणायचात. माझं बोलणं अर्धंच राहायचं. आता जरा राहते."

"परत कधी येशील?"

"हे सुकलं की. इतक्यात काही सुकत नाही."

"मग मी येऊ तिकडे?"

"बसणार असलात तर या."

आपल्याला ते जमायचं नाही, अशी पेठ्यांना पहिल्यांदाच भीती वाटली. त्यांनी पायजमा वर खोचला आणि पावसातून डावीकडे चालू लागले.