सव्वाआठची गोळी

तारीख ३ जुलै, सकाळचे साडेसात. कॅप्सूल एक. हजर: मी, माझी आई आणि दूधवाला. आमच्या फाटकापाशी मेश्रामकाकांनी कॅप्सूल गिळली, घड्याळ पाहिलं आणि जाहीर केलं, "गाडी सुटली! आठपर्यंत मधात हॉल्ट नाही."

मेश्रामकाका म्हणजे प्रतापनगरातले आमचे शेजारी, निवृत्त बस कंडक्टर. पोटात अल्सर. अ‍ॅसिड कमी करणारी ही कॅप्सूल उपाशीपोटी घ्यायची आणि अर्ध्या तासाने खायचं, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तो अर्धा तास काका बसत नसत. आमचं फाटक ते विजेचा खांब, साठ पावलं, जाऊन-येऊन एकशेवीस. कोणी बोलायला थांबवलं की ओरडत, "चालत्या गाडीत चढू नका!" मला स्कूटर बाहेर काढायलाही त्यांची फेरी उलटायची वाट पाहावी लागे.

तर्री-पोहे बंद, मिरची बंद. त्या दिवशीची कॅप्सूल बेचाळिसावी. रिकामी पाकिटं मी स्वतः मोजली होती. तरी जळजळ हटेना. आदल्या दिवशीच डॉक्टर म्हणाले होते, "जखम भरत नाहीये. अशानं रक्त सुटेल, मग भरती व्हावं लागेल. दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

"माझं काही दुखतच नाही, साहेब." याला मी साक्षीदार.

हिशेब जुळेना, म्हणून आठ वाजता मी त्यांच्या मागोमाग घरात शिरलो. काकांनी दही-पोहे खाल्ले. सव्वाआठला स्टीलच्या डब्यातून दुसरीच गोळी काढली.

"हे कोणती?"

"शांताची. गुडघ्याची."

शांताकाकू मार्चात गेल्या.

"तुमच्या गुडघ्याले काय झालं?"

"काही नाही."

"मंग काहून खाता? डॉक्टरले काहून नाही सांगितलं?"

"त्यानं माझ्या गोळ्या विचारल्या ना गा. हे माझी कुठं होय?"

मी तापलोच. "याच गोळीनं जखम होते, काका! बेचाळीस दिवस एका हातानं बुजवता अन् दुसऱ्यानं उकरता!"

काका हातातला पाण्याचा पेला फिरवत राहिले.

"अकरा वर्षं सव्वाआठले तिले गोळी-पाणी दिलं. आताही सव्वाआठ वाजले का हात डब्यात जाते. गोळी काढून होते. मंग थे कोणाले देऊ, सांग?"

मी डबा तेवढा उचलून घरी आणला.

दुसऱ्या दिवसापासून काकांची गाडी आठला आमच्या घरी लागू लागली. आईची रक्तदाबाची गोळी आजवर मी द्यायचो, तीही आठवलं तर. आता सव्वाआठला काका पेला घेऊन उभे. "काय बाप्पा, डोक्यावर घंटीच वाजवते हा मेश्राम," आई कुरकुरते. पण आठपासून खुर्चीत तयार असते.

काकांची जखम भरली, कॅप्सूल बंद झाली. खांबापर्यंतच्या फेऱ्या चालू आहेत.

शेवटी मी दिलं ते एवढंच: रोज वाटीभर दही-पोहे, मेश्रामकाकांना, आणि आईला गोळी द्यायचा माझा हक्क, तोही त्यांनाच.