कृष्णोजी अण्णांची अर्धी कॉफी

कृष्णोजी अण्णांनी आयुष्यात एकदाही अख्खी कॉफी प्यायलेली नाही. पथ्य नाही, काटकसर तर मुळीच नाही. अण्णांच्या मते अख्खी कॉफी एकट्यानं पिणं हा शुद्ध उद्धटपणा आहे. बंगळुरात एका कॉफीचे दोन पेले करून मागता येतात, त्याला 'बाय-टू' म्हणतात. इथे सगळेच ती पितात, पण सोय म्हणून. अण्णा ती सोवळ्यात असल्यासारखी पितात. पेले आले की आधी ते शेजारी शेजारी ठेवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचा, वाकून डोळे काठाशी आणायचे. एकात जरा जास्त दिसली की चार थेंब इकडून तिकडे. जन्मभर विमानाच्या कारखान्यात फिटर होते, त्यामुळे टेबलावर ठिपकासुद्धा पडत नाही.

आणि एवढं सगळं करून स्वतःचा पेला पितात आणि दुसरा तसाच ठेवून उठतात!

मी पुण्याची. भरलेला पेला टाकून कुणी उठलेलं मला बघवत नाही. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी विचारलंच, "अण्णा, हा कुणाचा?"

"आहे एकाचा."

"कुठे आहे तो?"

"येईल की! तुला कशाला गडबड?"

आम्ही एचएसआर लेआउटमध्ये ज्या इमारतीत राहतो तिथे खालच्या मजल्यावर अण्णा मुलाकडे राहतात. मूळचे ते पेटेतले, म्हणजे जुन्या बाजारपेठेतले. घराणं मराठी, पण बंगळुरात इतक्या पिढ्या झाल्या की कन्नड आणि मराठी त्यांच्या तोंडात एकत्र नांदतात. नवा मराठी माणूस दिसला की अण्णांचं वाक्य ठरलेलं: "आम्ही घोड्यावरून आलो, तुम्ही व्होल्वोनं." म्हणून झालं की ते त्या माणसाला कायमचं त्याच्या गावाच्या नावानं हाक मारायला लागतात. मी 'पुणे'. माझी फ्लॅटमेट सायली 'नागपूर'. समोरचा निनाद 'मुंबई'. "मुंबई, शर्ट आत खोच. देवळात जायचंय," असं ते भर जिन्यात ओरडतात आणि निनाद निमूटपणे खोचतो.

आम्हा तिघांनी चार वर्षांत बंगळूर म्हणजे ऑफिस, मॉल आणि महादेवपुऱ्याचं ट्रॅफिक एवढंच पाहिलं होतं. "अण्णा, जुनं गाव दाखवा," म्हणून आम्ही केव्हापासून त्यांच्या मागे होतो. ते दर वेळी "नोडोणा, नोडोणा," म्हणजे बघू बघू, म्हणून टाळायचे. आणि एका शनिवारी स्वतःच दारात उभे. "उद्या निघायचं. सकाळी. चपला नको, बूट घाला."

मेट्रोत बसल्यावर त्यांनी बॉम्ब टाकला.

"आज आपलं हॉटेल बंद होतंय."

पेटेतलं एक जुनं कॉफीचं हॉटेल. इमारत पाडणार होते आणि संध्याकाळी शेवटचा कप देऊन मालक कुलूप घालणार होता. अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ नागोजी दर रविवारी दुपारी चारला तिथे बसायचे. लग्नं झाली, पोरं झाली, पेटेतलं घर विकलं, नागोजी राजाजीनगरला गेला, तरी रविवारची बाय-टू चुकली नाही. मग एक दिवस नागोजीच्या मुलाला नोकरी लागली. आनंदाच्या भरात नागोजी वेटरला म्हणाला, "आज बाय-टू नको, दोन फुल आण!"

"मग?" निनाद म्हणाला.

"मग काय? उठलो मी. दोन फुल म्हणजे काय? तुझी तुला, माझी मला. वाटण्याच झाल्या की!"

"अण्णा, तुम्ही भावाशी कॉफीवरून भांडलात?"

"मग कशावरून भांडू? घरावरून? घर विकलं तेव्हा आम्ही तोंडातून शब्द काढला नाही. घर काय, कोणीही वाटून घेतं!"

पाच-सहा वर्षं दोघे बोललेले नव्हते. नागोजी अजूनही रविवारी तिथे जातो, एवढं अण्णांना कुणाकडून तरी कळलं होतं. आज शेवटचा रविवार. आज भेट झाली नाही तर दोघांना एकमेकांच्या घरी जावं लागेल, आणि ते या जन्मी होणं नाही, हे अण्णांनीच सांगितलं. "मी पहिला बोलणार नाही. सांगून ठेवतो."

"मग आम्ही कशाला?"

"एकटा गेलो तर लोक म्हणतील भावासाठी आला. तुम्ही बरोबर असलात म्हणजे काय, पाहुण्यांना गाव दाखवतोय!"

म्हणजे आम्ही पडदा होतो. पण काय दिवस दाखवला म्हाताऱ्यानं! लालबागेतल्या त्या अजस्र खडकावर सायली हात पसरून धावत सुटली. वर पोचलो तर सगळं शहर पायाशी. अण्णांनी बुटाचं टोक खडकावर आपटलं. "याच्या वयाचं जगात फार कमी आहे. याच्यापुढं सगळेच व्होल्वोवाले. आम्हीसुद्धा." त्यांच्या तोंडून एवढी कबुली मी पहिल्यांदाच ऐकली.

किल्ल्याच्या दगडी वेशीत त्यांनी आम्हाला त्या अगडबंब दारावरचे लोखंडी खिळे हात लावून बघायला लावले. निनाद म्हणाला, "बॉस, काय भारी आहे हे! आणि मी चार वर्षं याच्या शेजारच्या पुलावरून जातोय!" मग सिटी मार्केट. अरे बापरे! शेवंतीचे ढीग माणसाएवढे, अबोलीच्या राशी, आणि वास असा की मला उगीचच लग्नाला आल्यासारखं वाटायला लागलं. इथे गजरा हातानं मोजतात, कोपरापासून बोटांपर्यंत एक मोळ. अण्णा सगळ्या फुलवाल्या बायकांवरून नजर फिरवत थेट एका उंच बाईपाशी गेले. "लांब हाताची बघून घ्यायचं," ते माझ्या कानात म्हणाले. ती बाई हसली, म्हणजे तिलाही हे ठाऊक होतं.

दर थोड्या वेळानं कॉफी. सायली आणि मी एक बाय-टू. निनाद उरायचा. "अण्णा, मी तुमच्याबरोबर घेतो ना."

"बेडा, नको. माझा पार्टनर आहे."

"कुठाय?"

त्यावर अण्णा रस्त्यावर जाऊन निनादसाठी माणूस धरून आणायचे. "बन्नी, बन्नी! या, बाय-टू!" पहिल्यांदा डोक्यावर टोपली असलेला हमाल आला, मग एक ट्रॅफिक पोलीस, मग कुठल्याशा लग्नातून बाहेर पडलेला नवऱ्या मुलाचा काका. काकांनी कन्नडमध्ये निनादला अख्ख्या लग्नाची हकिगत सांगितली. निनादला कळलं काहीच नाही, तो "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, करत मान हलवत होता. जाताना काकांनी त्याला मिठी मारली. आणि अण्णांच्या समोर दर वेळी तो दुसरा पेला, भरलेला. मी काहीतरी बोलणारच होते, पण आता तो कुणाचा ते कळलं होतं, म्हणून गप्प बसले.

दुपारी आम्ही पेटेत शिरलो आणि अण्णांची चाल बदलली. सकाळपासून आमच्या पुढे तुरूतुरू पळणारा माणूस दर दुकानापाशी थांबायला लागला. आधी तांब्याच्या भांड्यांचं दुकान, ठीक. मग रेशमाचं, तेही ठीक. मग एका बोळात लाल मातीची जुनी तालीम. तिथे ते खरोखरच थबकले.

"इथं नागूला रोज पाडायचो मी."

"रोज?"

"रोज." मग जरा वेळानं, "कधी कधी मुद्दाम पडायचो. नाहीतर पोरगं दुसऱ्या दिवशी यायचं नाही."

चार वाजून गेले होते. हॉटेल पुढच्याच वळणावर. आणि अण्णा म्हणाले, "स्वल्प थांबा. हा खांब बघा."

आम्ही बघितला. विजेचा खांब होता.

"काय आहे यात?"

"जुना आहे."

सायलीचा संयम सुटला. "अण्णा, काय खांब दाखवून राहिले हो तुम्ही? तिकडे हॉटेल बंद होऊन जाईन ना! तुम्ही घाबरून राहिले, सरळ सांगा."

"घोड्यावरून आलेली माणसं घाबरत नाहीत!"

"मग उतरा आता घोड्यावरून," मी म्हणाले, "आणि चला."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आता आपल्याला एचएसआरला चालत जावं लागणार. पण त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, आणि विचारलं, "नाही आला असला तर?"

मला एकदम इतकं वाईट वाटलं की मी त्यांचा दंड धरला. दुसरीकडून निनादनं धरला. अशी वरात घेऊन आम्ही वळण ओलांडलं.

हॉटेलात ही गर्दी! सगळी पेटे शेवटची कॉफी प्यायला लोटली होती. निम्म्या खुर्च्या दोरीनं बांधून दाराशी रचलेल्या. आणि कोपऱ्यात, आरशाखालच्या टेबलाशी, अण्णा बसले होते. म्हणजे मला क्षणभर तसंच वाटलं. तेच नाक, तीच बसण्याची ऐट, तसाच कपाळावर चढवलेला चष्मा. समोर दोन पेले. एक रिकामा. दुसरा भरलेला, वर बशी झाकलेली.

म्हातारा वेटर खांद्यावर फडकं टाकून आमच्यापाशी आला. अण्णांना त्यानं ओळखलं, पण बोलला आमच्याशीच, तोडक्या हिंदीत. हे साहेब मघापासून बसलेत. तो पेला गार झाला की बदलून आणायला सांगतात. दर रविवारी असंच.

सायलीनं माझा हात घट्ट दाबला.

अण्णा टेबलापाशी जाऊन उभे राहिले. नागोजीनं वर पाहिलं नाही. अण्णा बोलले नाहीत. दोघांचीही शपथ असणार, एकाच घरातली ना! आसपासची माणसं माना वळवून बघायला लागली. मग नागोजीनं बशी काढली आणि भरलेला पेला बोटभर पुढे सरकवला. अण्णा बसले. चष्मा कपाळावर सरकवला, वाकले, पेल्याच्या काठाशी डोळे नेले. शेजारी ताडून बघायला रिकामा पेला!

"कमी आहे," अण्णा आम्हाला म्हणाले.

"फिटर तो फिटरच!" नागोजी उसळला. "अजून थेंबच बघतोयस?"

"बोलला! पहिला तो बोलला! पुणे, तू साक्षीला आहेस!"

हॉटेल हसलं. अण्णांनी एका घोटात पेला संपवला, हात वर केला आणि खणखणीत आवाजात ओरडले, "दोन फुल!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. निनादनं तर कपाळालाच हात लावला. पण नागोजी ताडकन म्हणाला, "फुल बेडा! बाय-टू आण."

"फुल आण! त्याला फुल पाहिजे होती ना? आज घे फुल!"

"अरे बाय-टू सांगतोय ना मी!"

"मी थोरला आहे. फुल!"

वेटर बिचारा दोघांच्या मधे उभा. आम्हाला वाटलं, गेली, ही भेटही गेली. तेवढ्यात नागोजी खाली बघून म्हणाला, "मला शुगर आहे, अण्णा. फुल चालत नाही."

अण्णांचा हात तसाच वर राहिला. "कधीपासून?"

"झाली की दोन-तीन वर्षं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगणार? समोर पेला असायचा. त्याला सांगितलं."

दिवसभर ज्यांच्या तोंडाला खीळ नव्हती ते अण्णा माझ्याकडे बघत होते, जणू पुढचं वाक्य माझ्याकडे आहे. मला तरी कुठलं सुचतंय, माझ्याच डोळ्यांत पाणी होतं. मग ते वेटरला हळूच म्हणाले, "बाय-टू. साखर घालू नको."

"तुला साखर लागते," नागोजी म्हणाला.

"साकु, पुरे. खूप खाल्ली."

कॉफी आली. अण्णांनी पेले शेजारी शेजारी ठेवले, पण चष्मा वर सरकवला नाही. नुसत्या नजरेनं मलाही दिसत होतं की एकात चांगले दोन घोट जास्त आहेत. तो पेला त्यांनी नागोजीपुढे ठेवला. नागोजीनं तो परत त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी पुन्हा त्याच्याकडे. हे बराच वेळ चाललं.

आम्ही पलीकडच्या टेबलाशी बसलो. सायलीची आणि माझी एक बाय-टू आली आणि निनाद सवयीनं दाराकडे बघायला लागला, आता कोण? तर तो म्हातारा वेटर खांद्यावरचं फडकं टेबलावर ठेवून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असावं, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला आणि निनादसमोर पेला ठेवून म्हणाला, "बाय-टू?"

"सरी," निनाद म्हणाला.

दिवे लागले तेव्हा मालक किल्ल्या घेऊन आला. पुढच्या रविवारी कुठे भेटायचं यावर दोघा भावांचं दारातच पुन्हा वाजलं. नागोजी म्हणत होता राजाजीनगर, अण्णा म्हणत होते एचएसआर. मी माझी पिशवी घ्यायला मागे वळले. आरशाखालच्या टेबलावर दोन्ही पेले रिकामे होते.